हात, श्वास आणि गोळी

हल्ली कुणाला झोप लागत नाही म्हटलं की तीन सल्ले हमखास मिळतात : रेकी घे, प्राणिक हीलिंग कर, नाहीतर ध्यानाला बस. धारला दिलेल्या आमच्या आक्कालाही ते मिळाले. दाजी गेल्यापासून तिची झोप उडालेली, रक्तदाब वाढलेला. तिनं तिन्ही करून पाहिलं. रेकी धारमध्येच, प्राणिक हीलिंगसाठी इंदूरवरून पुढं देवासला, आणि ध्यान घरच्या घरी.

रेकी जपानची. मिकाओ उसुई यांनी ती 1922 च्या सुमारास शिकवायला घेतली आणि हवायो ताकाता या बाईंनी हवाई बेटांवर नेली. तिथून ती जगभर गेली. अंगावर किंवा अंगाजवळ हात धरायचा, त्यातून ऊर्जा मिळते म्हणतात. प्राणिक हीलिंग फिलिपिन्समधल्या चोआ कोक सुई यांचं. त्यात अंगाला हात लावतच नाहीत. भोवतीचं आभामंडळ साफ करतात. प्रेक्षाध्यान तेरापंथाच्या आचार्य महाप्रज्ञांचं, 1975 मधलं. त्यात देणारा एक आणि घेणारा दुसरा असं नसतंच. अंग सैल सोडून कायोत्सर्ग करायचा आणि आपलाच श्वास बघत राहायचं.

आभामंडळ म्हणजे आपली लेश्याच की, असं पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. लेश्या कषायांनी काळवंडते आणि आपल्याच भावांनी उजळते. दुसऱ्यानं हात फिरवून ती पुसता आली असती, तर रोज प्रतिक्रमण कशाला करायचं?

हाताला ऊर्जा कळते का, हे अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या शाळकरी मुलीनं तपासलं. तिथं असाच अंगाला न लागता करायचा 'थेरप्युटिक टच' नावाचा उपचार आहे. तो करणाऱ्या 21 जणांना तिनं पडद्यातून दोन्ही हात बाहेर काढायला लावले. मग त्यांतल्या एका हाताजवळ स्वतःचा हात धरून विचारलं, कोणत्या हाताजवळ आहे? 280 वेळा विचारून बरोबर उत्तरं आली 44 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती! 1998 मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं.

हे सगळं मी आक्काला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "असू दे गं. पण तासभर कुणीतरी माझ्यासाठी गप्प बसतं. घरात कोण बसतंय?" यावर मला बोलता येईना. तिला त्या दिवशी झोप लागते, हेही खरंच. ऊर्जा असो नसो, सोबत होती.

पण महिन्याभरात तिथं तिला सांगितलं गेलं, आता रक्तदाबाची गोळी बंद करा. तेव्हा मात्र मी गप्प बसले नाही. म्हटलं, "आक्का, तू देवासला जातेस ना? मग त्याच गावातले कुमार गंधर्व आठव."

1948 मध्ये क्षयानं खंगलेले कुमारजी कोरड्या हवेसाठी देवासला आले. गायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. काही वर्षं अंथरुणात गेली. खिडकीतून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर येत, ती ते मनात साठवत राहिले. भानुमतीबाईंनी जिवापाड शुश्रूषा केली. हवा, गाणी, बायकोची माया, सगळं होतं. तरी क्षय हटला तो स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर. एक फुफ्फुस कामातून गेलं आणि उरलेल्याच्या दमावर ते पुन्हा गायला लागले. मायेनं त्यांना औषध येईपर्यंत तगवलं. औषधाची जागा तिनं मागितली नाही.

माझ्या लेखी या उपचारांची तुलना इथंच होते. कोणता खरा, यापेक्षा कोण काय मागतंय ते बघावं. सामायिकाची 48 मिनिटं फक्त वेळ मागतात. हात धरून बसणारी बाई पैसे मागते. परवडत असतील तर द्यावेत, सोबतीलाही मोल असतं. पण जो कुणी गोळी मागेल, त्याला ती देऊ नये. गोळी कमी करायची की बंद, ते रक्तदाब मोजून डॉक्टरच सांगतील.