मुनीमकाकांची कीर्द

मुनीमकाकांचे नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडले नसते. मूळचे नांदेडकडचे. शिकायला हैदराबादला आले आणि बेगम बाजारात सुकामेव्याच्या एका ठोक पेढीच्या गादीवर बसले ते कायमचे. खारीक, हिंग आणि मिरचीच्या त्या वासात माझ्या धंद्यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट मी त्यांच्याकडून शिकलो.

पेढीच्या हिशेबाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी एक्सएमएलमध्ये काढून नव्या व्यवस्थेत घालायचे काम माझ्याकडे आले होते. फाइल ६०० एमबीच्या पुढची, यंत्र ३२ बिटांचे. अशा वेळी वाटा दोन. पहिली डॉमची: सगळी फाइल वाचून तिचे झाड मेमरीत उभे राहते आणि मग हव्या त्या फांदीवर जाता येते. काम सोपे, पण झाडाला फाइलच्या कैक पट जागा लागते, आणि ३२ बिटांच्या विंडोजवर एका प्रोग्रॅमला साधारणपणे २ जीबीच मिळते. दुसरी वाट सॅक्सची. १९९८ साली डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकाराने ती तयार झाली. टॅग उघडला, मजकूर आला, टॅग मिटला, एवढेच ती सांगत जाते. मागचे काही धरून ठेवत नाही. लक्षात काय ठेवायचे ते आपणच ठरवायचे, आणि माझे घोडे तिथेच अडले होते.

"अडलंय कुठं, बाळ?" काकांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी जुनी कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, काढली. "हे बघ, ओळीमागून ओळ. हल्लू हल्लू. मागचं पान उलटायचं नाही. पानाची बेरीज तेवढी पुढं न्यायची." मग खातेवार नोंदींच्या खतावणीवर हात ठेवला. "गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर ही. पण त्याचं एकच खातं उघडायचं. सगळ्या वह्या गादीवर मांडून कोण बसतं?"

माझा प्रोग्रॅम त्याच रीतीने उभा राहिला. पायथनमधले इटरपार्स वापरून एका वेळी एकाच व्हाउचरचे लहानसे झाड घेतले, रक्कम आणि खाते टिपले, झाड रिकामे केले. मुळाला लटकून राहणाऱ्या रिकाम्या फांद्याही छाटाव्या लागतात, नाहीतर मेमरी भरतच जाते. काकांचा आणखी एक नियम होता: आकडा पुरता उतरल्याशिवाय बेरजेत धरायचा नाही. तो तर शब्दशः लागू पडला. टॅग उघडल्याची वर्दी येते तेव्हा आतला मजकूर पूर्ण आलेला असेलच असे नाही; सॅक्समध्ये एकच रक्कम दोन तुकड्यांतही येऊ शकते. म्हणून रक्कम टॅग मिटल्यावरच घ्यायची.

दुकान बंद झाल्यावर काका माझ्याबरोबर थांबत आणि प्रत्येक खात्याची बाकी स्वतः पडताळत. ती जुळल्यावर त्यांनी मला शेजारच्या पेढ्यांवर नेले, "आमचा मुलगा आहे" म्हणून ओळख करून दिली. माझी पुढची कामे त्या एका वाक्यावर मिळाली. पहिल्या पैशांतून त्यांना काही द्यायला गेलो, तर त्यांनी घेतले नाही.

आता काका नाहीत. मुलांना शिकवताना मी मराठी विकिपीडियाची एक्सएमएल फाइल देतो आणि काकांचेच सांगतो. फाइल लहान असेल, मागेपुढे जावे लागत असेल, तर डॉम खुशाल वापरा. फाइल मोठी असेल आणि एकदाच वाचत पुढे जायचे असेल, तर झाड उभारू नका, कीर्दीसारखी वाचा.