किती वीज पुरे?

व्यापारी घरात माल भरण्यापूर्वी खपाचा अंदाज घेतला जातो. न खपणारा माल भांडवल अडवतो आणि गुदामातील जागाही. हाच हिशेब घरच्या खरेदीला लावायचा मात्र पुष्कळदा राहून जातो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका सांगलीकर कुटुंबापुढे ही गोष्ट जनरेटरच्या निमित्ताने आली.

तिकडे मोटारीमागे जोडून नेण्याचे छोटे फिरते घर, म्हणजे कॅम्पर ट्रेलर, अनेक कुटुंबे बाळगतात. आत झोपण्याची सोय, शेगडी आणि गॅसवर चालणारा फ्रिज असतो. राष्ट्रीय उद्यानांतील बहुतेक मुक्कामाच्या जागी विजेची जोडणी नसते. ती सोय ज्याची त्याने करायची. या कुटुंबातील मुलाने सांगलीहून आलेल्या वडिलांना सप्टेंबरात ग्रँड कॅन्यन दाखवण्याचे ठरवले. वडिलांना झोपेत श्वास अडण्याचा विकार. रात्री श्वसनयंत्र लावावेच लागे. त्या काळजीपोटी मुलाने ४००० वॉटचे जनरेटर पसंत केले. भारनियमनाच्या काळात पेठेत दुकानोदुकानी धडधडणारी यंत्रे वडिलांनी पाहिली होती. ते म्हणाले, "बाळ, आधी यादी कर. कशाला किती वीज लागते ते लिही, मग माल घेऊ."

"अण्णा, कमी पडली तर?"

"म्हणूनच लिही म्हणतो."

यादीने चित्र पालटले. मोठ्या यंत्राचे खरे गिऱ्हाईक होते छतावरचे वातानुकूलन यंत्र. ते चालताना सुमारे १५०० वॉट घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुपटीच्या आसपास. पण कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे २१०० मीटर उंच; सप्टेंबरात तेथे त्याची गरजच नव्हती. श्वसनयंत्र, हवा ओलसर करणारी त्याची सोय बंद ठेवल्यास, ४० वॉटच्या आत चालते. आठ तासांचे झाले ३२० वॉट-तास. दिवे, पाण्याचा पंप आणि फोन धरून रात्रीची बेरीज ५०० च्या आतच राहिली.

दुसरी नोंद अधिक महत्त्वाची ठरली. राष्ट्रीय उद्यानांत रात्री १० ते सकाळी ६ हा सर्वसाधारणपणे शांततेचा काळ असतो. ज्या रात्रीसाठी जनरेटर घ्यायचा, त्याच रात्री तो चालवता येणार नव्हता. रात्रीची जबाबदारी बॅटरीचीच होती. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सुमारे १२०० वॉट-तास मावतात, म्हणजे दोन रात्रींची बेगमी. जनरेटरचे काम उरले दिवसा, परवानगीच्या वेळेत, तास-दीड तास ती भरण्याचे.

मग २२०० वॉटचे इन्व्हर्टर जातीचे यंत्र घेतले गेले. या जातीचा आवाज मंद आणि वजन सुमारे २१ किलो. एकट्याला उचलता येते. २२०० हा आकडा क्षणभराचा. अखंड मिळतात १८०० वॉट. उंचीवर हवा विरळ असल्याने दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के शक्ती घटते, म्हणजे कड्यावर १३५० च्या आसपास उरते. बॅटरीच्या चार्जरला तेवढी पुरेशी होती.

जागेचाही हिशेब झाला. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच तो जीव घेतो. म्हणून यंत्र ट्रेलरपासून, आणि शेजाऱ्याच्या तंबूपासूनही, निदान २० फूट दूर ठेवायचे आणि धुराचे तोंड दोघांच्याही उलट दिशेला करायचे. आत या वायूची सूचना देणारा अलार्म हवाच. यंत्र थंड झाल्यावाचून पेट्रोल भरायचे नाही.

मोठे यंत्र घेण्यामागे मुलाची माया होती, यात शंका नाही. पण वडिलांची रात्र सुखाची झाली ती वॉट वाढवल्याने नव्हे. एका बॅटरीने आणि कागदावरच्या चार ओळींनी. यंत्राची किंमत घेणारा एकदाच मोजतो, त्याचा आवाज मात्र शेजारी रोज सोसतो. त्याची झोपही आपल्याच खर्चाच्या बाजूला मांडली, तरच हिशेब पुरा होतो.