ओंडक्यांच्या घरातील पाहुणचार

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वायोमिंग राज्यात जॅक्सन होल नावाचे एक खोरे आहे. 'होल' ह्या शब्दावरून वाचकांच्या डोळ्यांपुढे एखादा खड्डा उभा राहील. परंतु बीव्हर ह्या प्राण्याच्या कातड्यांसाठी रानोमाळ भटकणारे जुने शिकारी डोंगरांनी वेढलेल्या दरीला हेच नाव देत. हे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे ६,५०० फूट उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही दोन हजार फूट वर आहे. पश्चिमेस टीटन पर्वताची रांग आहे. तिला पायथ्याच्या टेकड्या अशा नाहीतच. सपाट माळावरून ती एकदम आकाशात उठते, आणि तिच्यातील सर्वांत उंच शिखर १३,७७० फुटांवर पोहोचते. जुलै महिन्यातही त्या कड्यांच्या बेचक्यांत बर्फ असते. खाली स्नेक नदी गोट्यांच्या पात्रातून अनेक फाट्यांनी वाहते.

ह्या खोऱ्यातील एका कुटुंबाच्या 'गेस्ट रँच'वर आठ दिवस राहण्याचा योग आम्हांस एका उन्हाळ्यात आला. चेयेन धर्मप्रांतातील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू रजेवर गेले असता त्यांच्या जागी दोन महिने सेवा करण्यास आम्ही गेलो होतो. हा धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला. संपूर्ण वायोमिंग राज्य त्याच्या कक्षेत येते. विस्तार महाराष्ट्राहून थोडासा कमी, पण २०२० सालच्या शिरगणतीप्रमाणे वस्ती मात्र पावणेसहा लाखांची! अशा प्रदेशात एका घराहून दुसऱ्या घरी जाणे हाच पूर्वी एक प्रवास असे. हिमवादळात सापडलेल्या वाटसरूला दार उघडणे हा तेथे केवळ शिष्टाचार नव्हता, तो जीवनमरणाचा प्रश्न होता.

आमच्या पिशवीत त्या वेळी थोरल्या बंधूंचे एक पत्र होते. खानापूर तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर पाडून तेथे सिमेंटचे नवे घर बांधण्याचा त्यांचा विचार होता, व त्यासाठी त्यांना आमची संमती हवी होती. पत्राला दोन महिने झाले होते. उत्तर लिहावयास आमचा हात धजत नव्हता.

प्रथम ह्या रँचविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. रँच म्हणजे गुरांचे विस्तीर्ण कुरण व त्यावरील मालकाचा घरसंसार. १८८०च्या दशकात डाकोटा प्रदेशातील मेडोरा गावाजवळ ईटन नावाच्या बंधूंचे असे एक कुरण होते. पूर्वेकडील शहरांतील त्यांचे स्नेही तेथे येत व आठवडेच्या आठवडे राहत. यजमानांवर आपला भार पडतो हे ओळखून अखेर पाहुण्यांनीच पैसे देऊ केले, आणि त्यातून हा व्यवसाय जन्मास आला. १८८६-८७च्या भयंकर हिवाळ्यात त्या मैदानांवरील असंख्य गुरे गारठून व उपासमारीने मेली. केवळ गुरांवर संसार चालत नाही हा धडा सर्वांना मिळाला. पुढे १९०४ साली ईटन बंधू वायोमिंगमध्ये वुल्फ येथे आले. जॅक्सन होलमध्ये स्ट्रुथर्स बर्ट हे लेखक व डॉ. होरेस कार्नक्रॉस ह्यांनी १९१२ साली 'बार बी सी' रँच काढली. १९२६ साली टर्नर कुटुंबाने 'ट्रँगल एक्स' सुरू केली, व ती आजही त्याच कुटुंबाच्या हाती आहे. शहरी पाहुण्याला तेथे थट्टेने 'ड्यूड' म्हणत. गुरांपेक्षा ड्यूड बरे, कारण हिवाळ्यात त्यांना वैरण घालावी लागत नाही, असा विनोद त्या भागात अजूनही ऐकू येतो.

आमचे यजमान सत्तरी ओलांडलेले होते. त्यांच्या आजोबांनी गुरे पाळली, वडिलांनी पाहुणे ठेवले, व ते स्वतः दोन्ही करीत आले. घरात त्यांची पत्नी, मुलगा, सून व दोन नातवंडे. सकाळी सहा वाजता घोडे कुरणातून हाकून आणीत, आणि त्यांच्या टापांच्या आवाजाने आम्हांस जाग येई. न्याहारीची घंटा झाली की मालक, चाकर व पाहुणे एकाच लांब मेजाभोवती बसत. भांडी हातोहात फिरत. न्यूयॉर्कचा वकील घोड्यांच्या मोतद्दाराला बटाट्यांचे भांडे देई, तर मोतद्दार त्याला भाकरीसारख्या जाड पुऱ्या, म्हणजे पॅनकेक, वाढी. जेवणापूर्वी यजमान टोपी काढून मान लववीत व देवाचे आभार मानीत. हा नेम त्यांनी कोणत्याही पाहुण्यासाठी मोडला नाही.

आम्हांस दिलेली खोली म्हणजे एक स्वतंत्र ओंडक्यांचे घर होते. वयाने ते शंभरीला आलेले. लॉजपोल पाइन हे त्या डोंगरांतील झाड सोटासारखे सरळ वाढते. आदिवासी लोक आपल्या तंबूंचे खांब त्याचेच करीत, म्हणून त्याला हे नाव पडले. ह्या झाडाचे ओंडके साल काढून एकावर एक आडवे रचतात. कोपऱ्यात प्रत्येक ओंडक्याला खोबण कोरून तो दुसऱ्यावर असा बसवतात की खिळ्याची गरज भासत नाही. मधल्या फटी बारीक काठ्यांनी व मातीच्या किंवा चुन्याच्या लिंपणाने बुजवतात. आत एक लोखंडी शेगडी, दोन खाटा, एक मेज व एक खिडकी. खिडकीतून टीटनची शिखरे समोर दिसत. रात्री पाणी गोठेल की काय अशी थंडी पडे. आम्ही शेगडी पेटवून जपमाळ म्हणत असू. तापलेल्या लाकडातून राळेचा मंद वास सुटे.

तिसऱ्या दिवशी आम्हांस एक गोष्ट दिसली. इतर ओंडके धुराने व उन्हाने तपकिरी झाले होते, पण जमिनीलगतचा सर्वांत खालचा ओंडका पिवळसर, कोवळा वाटत होता. आम्ही यजमानांना कारण विचारले.

"फादर, तो माझ्या मुलाने चार वर्षांपूर्वी घातला," ते म्हणाले. "बर्फ वितळते, ओल चढते, आणि सर्वांत खालचा ओंडका आधी कुजतो. मग घर जॅक लावून हळूहळू उचलावे लागते. कुजलेला ओंडका काढून नवा सरकवायचा व घर पुन्हा त्यावर टेकवायचे. माझ्या वडिलांनी एक बदलला होता, मी दोन बदलले."

"मग हे घर आजोबांचे म्हणावे काय?"

म्हातारे हसले. "आजोबांचे म्हणूनच बदलतो. त्यांना कुजलेल्या घरात पाहुणा निजवणे आवडले नसते."

हे उत्तर आमच्या मनात सलत राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही नदीकाठची 'बार बी सी' पाहावयास गेलो. ती आता राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. १९२९ साली स्थापन झालेल्या ग्रँड टीटन उद्यानात १९५० साली खोऱ्याचा मोठा भाग सामील झाला. त्यासाठी जॉन डी. रॉकफेलर धाकटे ह्यांनी तेथील जमिनी विकत घेऊन सरकारला दान दिल्या होत्या. त्यामुळे सृष्टिसौंदर्य राखले गेले, पण अनेक जुन्या रँच त्यामुळेच मिटल्या. 'बार बी सी'ची ओंडक्यांची घरे आज इतिहासाची खूण म्हणून उभी आहेत. त्यांत कोणी राहत नाही. शेगडी पेटत नाही, मेज मांडले जात नाही. एकाच झाडाचे लाकूड, एकाच हातोटीची बांधणी. पण एके ठिकाणी घर आहे व दुसऱ्या ठिकाणी घराची आठवण. सरकारने ती जपली हे उत्तमच झाले. तथापि आठवणीत मनुष्य निजू शकत नाही.

रविवारी यजमानांच्या कुटुंबासह आम्ही जॅक्सन सरोवराजवळील पवित्र हृदयाच्या चॅपलमध्ये मिस्सा अर्पण केली. १९३७ साली बांधलेले हे देऊळही ओंडक्यांचेच. आमच्याकडील पोर्तुगीज धाटणीची उंच पांढरी देवळे पाहिलेल्या डोळ्यांना ते प्रथम गोठ्यासारखे भासले. पण बेथलेहेमचे स्मरण होताच आम्ही मनातल्या मनात क्षमा मागितली.

तेथून परतताना यजमानीणबाईंनी आम्हांस डॅनियल गावापाशी नेले. ग्रीन नदीवरील त्या माळावर ५ जुलै १८४० रोजी येशूसंघाचे बेल्जियन धर्मगुरू फादर पियेर-झां द स्मेट ह्यांनी आजच्या वायोमिंगच्या भूमीवरील पहिली मिस्सा अर्पण केली. कातड्यांच्या व्यापाऱ्यांचा वार्षिक मेळा तेथे भरला होता. वेदी उंचवट्यावर मांडून डहाळ्यांनी व फुलांनी सजवली होती. फादरांनी फ्रेंच व इंग्रजीत उपदेश केला, आदिवासींना दुभाष्यामार्फत सांगितले. कॅनडाकडील शिकाऱ्यांनी फ्रेंच व लॅटिन गीते गायिली, आदिवासींनी आपल्या भाषेत. त्या जागेला 'मिस्सेचा माळ' असे नाव पडले. १९२५ साली तेथे स्मारक उभारले गेले.

आम्हांस विशेष वाटले ते हे, की फादर द स्मेट तेथे न बोलावता गेले नव्हते. फ्लॅटहेड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सॅलिश लोकांनी १८३१ पासून चार वेळा सेंट लुईसपर्यंत माणसे धाडून धर्मगुरूंची मागणी केली होती. वाटेत त्यांतील कित्येकांनी प्राण गमावले. ह्या भूमीचे पहिले यजमान तेच लोक व शोशोनी आदी त्यांचे शेजारी होते. पाहुणे म्हणून आलेल्यांनी पुढे त्यांची भूमी घेतली. आज शोशोनी व अरापाहो लोक विंड रिव्हरच्या आरक्षित प्रदेशात राहतात. पाहुणचाराच्या गोष्टी सांगताना हे विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. यजमानीणबाईंनीच हा विषय काढला. "आम्हीही येथे पाहुणेच, फादर," त्या म्हणाल्या, "आणि आमचा हिशेब अजून व्हायचा आहे."

परतीच्या वाटेवर आम्ही त्यांना आमच्या घराची हकीगत सांगितली. आमचे गाव गोव्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी, नोव्हेंबरच्या अखेरीस, यात्रेकरू पायी जुन्या गोव्यास निघतात. आमचे वडील त्या दिवसांत सोपा सारवून घेत, घोंगडी अंथरीत, आणि आईने चुलीवर पेजेचे मोठे तपेले ठेवलेले असे. सोलून निघालेल्या पायांना तेल चोळण्याचे काम आम्हां मुलांचे. आमच्या धर्मगुरुपणाचे बीज, आम्हांस वाटते, त्या सोप्यावरच पडले. ते घर पाडावे, हे आम्हांस कसे सोसावे?

बाईंनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "त्या घरात आता कोण राहते?"

"थोरले बंधू व वहिनी."

"छत गळते का?"

गळत होते. पत्रात दादांनी लिहिलेच होते: वासे वाळवीने खाल्ले आहेत, भिंतीला ओल आहे, वहिनींना संधिवात जडला आहे, आणि पावसाळ्यात रात्री उठून भांडी सरकवावी लागतात. हे आम्ही दोन महिने वाचीत होतो व वाचूनही पाहत नव्हतो. आमची आठवण कोरडी राहावी म्हणून वहिनींनी चार महिने गळती झेलावी, असा आमच्या मौनाचा अर्थ होत होता. वर्षातून दोन दिवस जाणाऱ्याने रोज राहणाऱ्याला घर जपण्याचा उपदेश करणे सोपे असते. आम्हांस त्या गाडीत खरोखर लाज वाटली.

त्याच रात्री शेगडीजवळच्या मेजावर आम्ही उत्तर लिहिले. "ती. दादांस, आमची संमती आहे. उशीर झाला त्याबद्दल तुम्ही व वहिनींनी क्षमा करावी. काय पाडावे व काय ठेवावे हे तुम्हीच ठरवा, कारण घर तुम्ही राखले आहे. आमची एकच विनंती: नव्या घरालाही रस्त्याकडे तोंड असलेला सोपा असावा."

निघण्याच्या दिवशी यजमानांचा मुलगा दुसऱ्या एका घराला जॅक लावीत होता. त्याचा दहा वर्षांचा मुलगा पाचर हातात घेऊन वाकून बसला होता. आम्ही त्या घराला, त्या तिघा पिढ्यांना व उद्याच्या अनोळखी पाहुण्याला आशीर्वाद दिला, आणि गाडीत बसलो.

दादांचे उत्तर आम्हांस बेळगावी परतल्यावर मिळाले. मागील खोल्या पाडावयास घेतल्या होत्या. पुढच्या भिंती गवंड्याला पक्क्या वाटल्या, म्हणून सोपा तसाच ठेवून वरचे वासे तेवढे बदलावयाचे ठरले होते. शेवटी वहिनींच्या सांगण्यावरून एक ओळ जोडली होती: यंदा यात्रेकरूंसाठी जागा कमी पडेल, तेव्हा तुम्ही आलात तर सोप्यावरच निजावे लागेल.

आम्ही गेलो, आणि सोप्यावर निजलो.