चाकांवरची मोरी

"अहो, पाणी जात नाही!" नाणेघाटाच्या माथ्यावर आमच्या सौ. ओरडल्या. मोरी घरची नव्हे. मोटारीमागे जोडून आणलेल्या भाड्याच्या फिरत्या खोलीची. वाकून पाहतो तो सांडपाण्याचा डबा कोरडा, नळीला मध्येच झोळ पडलेला, आणि वरच्या सांध्यातून साबणाचे पाणी ठिबकून खडकावरून निघालेले, तेही थेट कोरीव टाक्यांच्या दिशेने!

सुमारे २,००० वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, वाटसरूंसाठी खोदलेली ही टाकी. नागनिका राणीच्या ब्राह्मी लेखाने घाटाचे नाव झाले खरे. पण घाट चढून आलेल्यांची तहान भागवली ती या टाक्यांनी. त्यांत आमचे खरकटे? मी मुकाट्याने खाली बादली धरली.

जुन्नरचा कारागीर हसला. "साहेब, पाण्याला उतार द्यायचा, तुम्ही चढ दिलाय." त्याने नळी आखूड केली, हात-हात अंतरावर पट्ट्यांनी आवळून सलग उताराने डब्यापर्यंत नेली, सांधा बदलला. वर डब्यातली हवा निघायला एक बारीक नळी छतापर्यंत चढवली. हवा कोंडली की पाणी उतरत नाही, हे मला साठीत कळले!

रात्री आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला मुक्काम पडला. सौ.नी तीच भांडी दोनदा घासली.