'ध' चा 'मा'

सांगलीच्या विश्रामबागेत काय किंवा अन्यत्र काय, मुले फळ्यावरचा मजकूर वहीत उतरवून घेत असतात. एखाद्याच्या हातून 'आंबा पिकला' याचे 'आंबा विकला' होते. शेजारचा मुलगा हसून म्हणतो, "अरे, तू तर 'ध' चा 'मा' केलास!" दुकानातील यादीत वा कचेरीतील कागदात एखादे अक्षर बदलून अर्थ फिरला, तरी हेच उद्गार कानी पडतात. थट्टेत सहज उच्चारल्या जाणाऱ्या या शब्दांमागे एका तरुणाचा खून दडलेला आहे.

थोरले माधवराव पेशवे १७७२ साली निवर्तले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. चुलते रघुनाथराव यांना पेशवेपदाची आस होती. पण ते शनिवारवाड्यात नजरकैदेत होते. पगार थकल्यामुळे गारदी शिपाई चिडलेले होते. त्यांना हाताशी धरून पुतण्याला कैद करण्याचा बेत शिजला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारदी वाड्यात घुसले आणि अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणरावांचा त्यांनी वध केला. 'काका, मला वाचवा' हा त्यांच्या तोंडी घातला जाणारा टाहोही मराठीत कायमचा राहिला.

लोक सांगत आले ते असे : रघुनाथरावांच्या आज्ञापत्रात 'नारायणरावांस धरावे' असे लिहिलेले होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी 'ध' च्या जागी 'मा' केला आणि 'धरावे' चे 'मारावे' झाले. कथा इतकी नेटकी आहे की ऐकणाऱ्याला शंकाच येऊ नये! परंतु आनंदीबाईंवरील हा आरोप निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही.

या खुनाची चौकशी केली ती रामशास्त्री प्रभुणे यांनी. साताऱ्याजवळच्या माहुलीचे हे न्यायाधीश मोठे निःस्पृह. त्यांनी दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. सत्ताधीशाच्या तोंडावर त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि आपले पद सोडले.

आनंदीबाई १७९४ साली वारल्या. (पुण्याचा विश्रामबागवाडा बांधणारे दुसरे बाजीराव हे त्यांचेच पुत्र.) वाक्प्रचारात त्यांचे नावही येत नाही, तरीपण 'ध' चा 'मा' म्हणताच जाणत्यांना रघुनाथराव आठवत नाहीत, आनंदीबाईच आठवतात.