दोन इंचांचा हिशेब

मिनेसोटा हा सरोवरांचा प्रांत. मोटारीमागें ट्रेलरवरून ओढून न्यावयाची एक नाव मागल्या वर्षीं आम्हींही घेतली. हिवाळ्यांत इकडे सरोवरें गोठतात. तेव्हां नाव घरच्या गॅरेजमध्यें ठेवणें भाग होतें.

दरवाजा ७ फूट उंच. मागच्या बाजूस मुडपलेल्या कमानीसह नाव ६ फूट १० इंच. मीं समाधानानें मोजपट्टी गुंडाळली. पुण्याहून आलेले आमचे वडील म्हणाले, "चढावर मोजलेंस का रे?"

"नाना, एवढें गणित मलाही येतें," मी तुटकपणें म्हणालों.

मोटार मागें घेतली. अंगणांतील चढामुळें नावेची मागली बाजू उंचावली आणि कमान चौकटीवर करकरली. चौकटीला धरून उभ्या असलेल्या आमच्या चिरंजीवांचा हात थोडक्यांत बचावला. माझे पाय लटपटूं लागले.

नाना रागें भरले नाहींत. त्यांनीं ट्रेलरच्या टायरांतील थोडी हवा सोडविली व मोटारीचा जोडदांडा उलटा बसवून ट्रेलरचें तोंड उंच करविलें. तोंड वर गेलें तशी मागली बाजू खालीं आली, आणि नाव बोटबोट सरकत आंत गेली.

नाना परतल्यावर दूरध्वनीवरून मी क्षमा मागूं लागलों. ते एवढेंच म्हणाले, "मोजमाप चुकतेंच रे, पण मुलाला आधीं दूर उभा करीत जा."