वाघ नाही, शिंग!

दोन दिवस झाले घरी येऊन, तरी कुणी भेटलं की माझं पहिलं वाक्य एकच: सांबराचं गळालेलं शिंग सापडलं! समोरचा विचारतो, वाघ दिसला का? अहो, वाघाचं काय घेऊन बसलात!

बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसलो होतो. वनविभागाचा निसर्गानुभव, चांदण्यात पाणवठ्यावर येईल तो प्राणी तक्त्यात टिपायचा. पहाटे तीनला एक धिप्पाड सांबर आलं. डोकं बोडकं. मी मादीच्या रकान्यात खूण करणार तोच वनरक्षकदादा कुजबुजले, "नर हाये थो. मानेवरची आयाळ पाहा. शिंगं गाळले त्यानं."

गाळले? मला वाटायचं, शिंग एकदा उगवलं की मरेपर्यंतचं. तसं असतं ते गव्याचं, काळविटाचं, चौशिंग्याचं. सांबर, चितळ, भेकर यांच्या नरांची शिंगं मात्र गळतात आणि पुन्हा नवी येतात, आणि ती चक्क हाडाची असतात! मऊ लवेच्या कातडीखाली, रक्तावर पोसलेलं हाड. वाढ पुरी झाली की लव सुकते, नर ती झाडाला घासून काढतो. माजाचा हंगाम सरला, अंगातलं नराचं संप्रेरक उतरलं, की कवटीच्या खुंटीशी हाड आतून विरघळू लागतं आणि एक दिवस शिंग आपोआप निखळतं. आजीच्या सहाणेजवळ सांबरशिंगाचा तुकडा असायचा, बरगडीत भरलं की उगाळून लावायला. त्यापायी एक सांबर मेलं असेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

उजाडल्यावर मचाणावरून उतरलो ते एकच धोशा लावत, की मला शिंग दाखवा. दादा हसले. म्हणाले, असं कुठंही नाही मिळत. पाणवठ्याकडे उतरणाऱ्या वाटा बघायच्या. नाला उडी मारून ओलांडायची जागा बघायची, कारण सैल झालेलं शिंग हिसक्यानं तिथं पडतं. सांबर दिवसभर बसतं ती गर्द उताराची सावली, बांबूची बेटं, जिथं फांदीत शिंग अडकतं. आणि सगळ्यात सोपी जागा म्हणजे जाळरेषा! वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी जाळून काढलेले ते पट्टे. काळ्या राखेवर नंतर पडलेलं शिंग लांबूनही उठून दिसतं. सागाच्या पाचोळ्यात मात्र डोळ्यांची परीक्षा. तिथं सगळंच तपकिरी, सगळंच वाकडं. मी पंधरा मिनिटांत चार वेळा ओरडलो, चारही वेळा वाळकी फांदी.

पाचव्यांदा दादा थांबले आणि बोलेचनात. नाल्याच्या काठावर, माझ्या बुटापासून हातभर अंतरावर, ते!

मी मटकन खालीच बसलो. बुडाशी खडबडीत दाणेदार कडं, त्यातून भुवईवरचा पहिला फाटा, वर टोकाला दुबेळकं. अंगावर खोल पन्हाळी, टोकं घासून गुळगुळीत. आणि एका कडेला शेजारीशेजारी चरे, पटाशीनं तासल्यासारखे. साळिंदराचे दात! चुना आणि फॉस्फरस हवा म्हणून साळिंदर शिंगं कुरतडतं. चितळंसुद्धा चघळतात म्हणे. म्हणजे हे पडल्यापासून रात्री कुणाकुणाच्या पंगती उठल्या असतील इथं!

घरी न्यायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण गळालेलं असलं तरी जंगलातून शिंग उचलणं हा गुन्हा आहे, आणि साळिंदराचं अर्धं जेवण माझ्या दिवाणखान्यात टांगून मी करणार तरी काय. चार फोटो काढले, उठलो. मग आठवलं, जोडीतलं दुसरं? "ते कुठं पडलं, त्याले तरी काय ठावूक," दादा म्हणाले. दोन्ही शिंगं एकाच वेळी, एकाच जागी क्वचितच पडतात.

झालं! उरलेली सगळी वाट मी मान खाली घालून चाललो. गाडीत बसल्यावर बाकीचे विचारत होते, मघाशी समोरून गेलेल्या गव्याचा फोटो माझ्याकडे आला का. कुठला गवा?